मखमली जाकिटाची पाठ

१

जाकिटाला पाठ नव्हती.

पुढचे दोन्ही भाग होते, काजं होती, गुंड्या होत्या, आतला खिसासुद्धा होता. फक्त खांद्यापासून कमरेपर्यंतचा पाठीचा तुकडा तेवढा कुणीतरी उसवून नेला होता. गडद हिरव्या मखमलीचं ते बिनबाह्यांचं जाकीट कापायच्या मोठ्या टेबलावर पडलं होतं, आणि ते शिवणारी तिथेच उभी राहून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती.

शिवण शिकवणाऱ्या बाईंना हे रडणं जिन्यातच ऐकू आलं. त्या मध्येच थांबल्या, पण घाबरून नव्हे. गुडघे थांबू म्हणाले म्हणून. इतकी वर्षं हा जिना चढून त्यांना रडण्याचे प्रकार कळायला लागले होते. बोटात सुई गेल्याचं वेगळं, घरून मार खाऊन आल्याचं वेगळं. हे तिसरंच काहीतरी होतं. देवा, आजचा दिवस तरी नको होतास निवडायला, असं मनाशी म्हणत त्या वर आल्या.

आज परीक्षा होती. हा शिवणवर्ग एका संस्थेचा. बायकांना शिवण शिकवायचं, शेवटी प्रत्येकीनं एक कपडा आपल्या हातानं कापून शिवून दाखवायचा, आणि पास होईल तिला स्वतःचा धंदा सुरू करायला छोटंसं अनुदान द्यायचं: टेबल, इस्त्री, कापडाचा पहिला माल, दारावरची पाटी. दुपारी संस्थेच्या मॅडम कपडे तपासायला येणार होत्या. अट एकच जाचक होती. एका घरात एकच अनुदान.

आणि या वर्गात एका घरातल्या दोघी होत्या. सगळे त्यांना नणंद आणि भावजय असंच म्हणत. नवऱ्यानं सोडल्यावर नणंद धाकट्या भावाच्या घरी राहायला आली. पहिले काही महिने बरे गेले. मग दुधाच्या एका पातेल्यावरून जे वाजलं, ते वर्ष झालं तरी मिटलं नव्हतं. घरात शेगडी एक, पाळ्या दोन. वर्गात कात्री हवी असली तरी दोघी तिसरीच्या तोंडून मागवायच्या.

रडत होती ती भावजय.

"हिनंच केलंय, बाई," ती म्हणाली. "तुम्हाला वेगळं सांगायला नको."

मग हुंदक्यांमधून जे बाहेर आलं ते असं, की नवऱ्यानं तिला शेवटची मुदत दिली होती. आज पास झाली तर ठीक. नाहीतर माहेराहून आणलेलं मशीन विकायचं आणि उद्यापासून त्याच्याबरोबर गोदामात भंगार निवडायला यायचं. मशीनला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

"मॅडम यायच्या आत माझी पाठ शोधून द्या, बाई. मला दुसरं काही नको."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. एकेक करून सगळ्या जमल्या होत्या. नणंदेची खुर्ची तेवढी रिकामी होती.

२

बाईंनी सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं, दार लोटलं आणि जाकिटापुढे खुर्ची ओढली. उभं राहून विचार करण्याचे दिवस संपले होते.

नासधूस त्यांनी या खोलीत आधीही पाहिली होती. रागावलेली बाई कात्री चालवते, आणि कात्री कुठेतरी कापडात घुसतेच. इथे कात्री चाललीच नव्हती. सुईच्या टोकानं एकेक टाका उचलून शिवण सोडवली होती. दोऱ्याचा एक तुकडा ना टेबलावर होता ना जमिनीवर. गळ्याची गोट अर्ध्यापर्यंतच सोडलेली, आणि ती ताणून वाकडी होऊ नये म्हणून टाचणीनं पुन्हा जागेवर टोचून ठेवलेली. पुढचे भाग दुमडतानासुद्धा मखमलीची लव आतल्या बाजूला घेतली होती, म्हणजे ती चुरगळणार नाही.

वैरानं केलेल्या कामात एवढी माया कशी, हे काही बाईंना कळेना. आणि पाठ नेऊन कुणी करणार तरी काय? नुसत्या पाठीचं जाकीट होत नाही.

तेवढ्यात नणंद आली. कपाळावर घाम, छातीशी कापडी पिशवी. टेबलावरचं जाकीट तिनं पाहिलं, व्हरांड्यातून आपल्यावर रोखलेल्या नजरा पाहिल्या, आणि काही न विचारता जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. काय झालं, असं न विचारणारी ती एकटीच होती.

बाईंनी तिच्याकडे तिचं जाकीट मागितलं.

"झालं नाही अजून," नणंद म्हणाली आणि पिशवी मांडीवर आणखी आवळून धरली.

काल वर्ग सुटताना बाईंनी तिच्या जाकिटाची शेवटची गुंडी स्वतःच्या हातानं ओढून पाहिली होती. जाकीट तेव्हा पुरं झालेलं होतं.

३

शिवणवर्गाच्या खाली मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं दुकान. वर्गाची किल्ली त्याच्याकडेच असायची. भावजयीचं आणि त्याचं चांगलंच वाजलेलं होतं. तुझ्या तेलानं माझी कॉलर डागाळली, असं तिनं चारचौघींत सुनावलं होतं, आणि तेव्हापासून तिचं मशीन तो सगळ्यांत शेवटी हातात घ्यायचा. म्हणून बाई आधी त्याच्याकडे गेल्या. पुन्हा तो जिना, उतरायचा आणि चढायचा.

काल संध्याकाळी किल्ली कुणी नेली, हे त्यानं आढेवेढे न घेता सांगितलं. पहिली आली ती वर्गातली एक, जिला सगळ्या बडबडी म्हणत. डबा विसरला म्हणून वर गेली आणि लगेच खाली आली, कारण वर ऐकायला कुणी नव्हतं. दुसरी नणंद. ती बराच वेळ वर होती. मध्ये एकदा मिस्त्री वर डोकावून आला, आणि शेवटी दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा किल्ली मागायला तोच वर गेला.

"डोकावलो तेव्हा खिडकीपाशी बसली होती, बाई. हातात जाकीट. मांजराला कुरवाळतात ना, तशी त्यावरून हात फिरवत होती. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मी म्हटलं, ताई, आता दूधपण पाजा त्याला."

"मग?"

"मग काय, हसली नाही. किल्ली मागायला गेलो तेव्हा टेबलावर काहीतरी दुमडून ठेवत होती. मला बघून पिशवी उचलली आणि गेली."

जाकीट कुणाचं होतं, ते मात्र त्याला सांगता येईना. सगळी हिरवीच, म्हणाला. बाईंनी त्याच्या बोटांकडे पाहिलं. नखांपासून मनगटापर्यंत काळं तेल, कितीही धुतलं तरी न जाणारं. वरच्या मखमलीवर तेलाचा एक ठिपका नव्हता. हा माणूस त्यातून सुटला.

म्हणजे राहिली नणंद. एका घरात एकच अनुदान. भावजय नापास झाली की ते हिचंच. सगळं सरळ दिसत होतं. बाईंना पटत नव्हतं ते एवढंच, की ज्याची पाठ काढून न्यायची त्याला कुणी आधी कुरवाळत बसत नाही.

४

बडबडीला विचारायची गरज पडली नाही. तीच जिन्यात आडवी आली. माझ्यावर संशय असेल तर तोंडावर सांगा, म्हणाली. आणि संशयाला जागा होती, तेही तिनंच सांगून टाकलं. भावजय ज्या गल्लीत दुकान टाकणार त्याच गल्लीत हिलाही टाकायचं होतं, आणि एका गल्लीत दोन शिवणवाल्या म्हणजे दोघींनी दारात बसून माश्या मारायच्या. पण म्हणून मी कुणाची शिवण उसवीन का, बाई? मला माझी स्वतःची उसवायची म्हटली तर रडू येतं.

हे खरं होतं. तिनं काही उसवलं की तिच्या खुर्चीभोवती दोऱ्यांचा सडा पडायचा आणि कापडाला हमखास एक भोक. त्या टेबलावरचं स्वच्छ काम तिच्या हातून होणं शक्य नव्हतं. बाई तिला बाजूला सारून वर निघाल्या.

मागून बडबडी बोलतच होती. नणंदेचं मन काळं, हे ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. भावजयीचं बोट चालतं, डोकं चालतं, तेच त्या बयेला बघवत नाही. सगळ्यांना संस्थेनं कापड सारखंच मोजून दिलं, साचा सारखाच दिला.

"आमच्या हाती शेवटी काय उरलं? बोटभर चिंध्या. आणि हिनं त्यातनं पोरीला टोपी शिवली, बाई. चांगली कानांवर येणारी टोपी. तेव्हापासून नणंदेचं तोंड बघायचं होतं तुम्ही."

बाईंचा हात कठड्यावर थांबला.

"कसली टोपी?" त्यांनी विचारलं.

५

कपाटात त्याच मखमलीचा एक तुकडा नमुन्यासाठी ठेवलेला होता, प्रत्येकीला दिला तेवढाच. बाईंनी तो टेबलावर पसरला आणि त्यावर कागदी साचे मांडले. एक पुढचा, दुसरा पुढचा, पाठ. सगळे एकाच दिशेला, लव खालून वर. वर्गात त्यांनी हेच घोकून घेतलं होतं. मखमलीला लव असते, म्हणजे अंगचा मऊ केस. तो एका बाजूला झुकतो. एक तुकडा वर आणि दुसरा खाली लागला तर एकाच थानातलं कापड दोन रंगांचं दिसतं, एक गडद, एक पांढुरकं. म्हणून मखमल कापताना साचा फिरवायचा नाही. कापड वाया गेलं तर जाऊ द्यायचं.

साचे मांडून झाल्यावर कडेला उरल्या त्या चिंध्याच. यातून टोपी निघणं शक्य नव्हतं.

मग बाईंनी पाठीचा साचा उचलला, उलटा फिरवला, गळ्याचा भाग खाली आणि कमर वर, आणि दोन पुढच्या भागांच्या मध्ये सरकवला. तो तिथे असा बसला की जणू त्याचीच जागा होती. आणि बाजूला मखमलीचा एक छानसा चौकोन मोकळा झाला. लहान डोक्याला पुरेल एवढा.

असं कोण करेल, हे त्यांना विचारावं लागलं नाही. जिनं जन्मभर उरलंसुरलं पुरवून संसार केला, तिचा हात आपोआप असाच चालतो. साध्या सुती कापडावर या हाताचं कौतुक झालं असतं. मखमलीवर तोच हात घात करून गेला होता. ट्यूबलाइटखाली दोन रंग दिसत नाहीत, म्हणून तिला कळलं नाही, बाईंनाही कळलं नाही. पण मॅडमची सवय होती. प्रत्येक कपडा त्या खिडकीच्या उजेडात धरून पाहायच्या.

काल संध्याकाळी आणखी कुणीतरी ते जाकीट खिडकीत धरलं होतं, आणि त्यावरून दोन्ही बाजूंनी हात फिरवून पाहिला होता.

चांगल्या जाकिटाची पाठ कुणी चोरलीच नव्हती. ते जाकीट कालच नापास झालेलं होतं, आणि ही गोष्ट साऱ्या वर्गात एकट्या नणंदेला माहीत होती.

६

बाईंनी नणंदेला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"पिशवी उघड," त्या म्हणाल्या. "तुझ्या जाकिटालाही पाठ नसेल. बरोबर ना?"

नणंदेनं पिशवी उघडली. आत तिचं जाकीट होतं, तसंच नीट उसवलेलं. त्याखाली मखमलीच्या दोन पाठी होत्या, एक भावजयीची आणि एक तिची स्वतःची.

उलटी पाठ काढायची होती आणि तिच्या जागी सुलटी लावायची होती, एवढाच तिचा बेत. साचा एकच, शिवणीची रेघ एकच. मखमलीवर सुईच्या खुणा राहतात, पण त्या नव्या शिवणीत झाकल्या गेल्या असत्या. भावजयीची पाठ तिनं इथेच काढली. लावायच्या आत मिस्त्री किल्लीसाठी आला. मग स्वतःची घरी काढली. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन लावून टाकायची होती, पण शेगडीची पहिली पाळी तिचीच होती, आणि भावजयीला झोपच लागली नाही म्हणून तीच आधी येऊन बसली. आपण मात्र आज परीक्षेला बसणार नाही, पोट दुखतं म्हणून सांगणार, असं तिनं ठरवलं होतं.

एवढं बोलायला तिला बराच वेळ लागला. बोलण्याची सवय मोडली होती.

तिला सांगायचं होतंस, बाई म्हणाल्या. कसं सांगणार, नणंद म्हणाली. मी तोंड उघडलं असतं तर घाबरवायला आली असं वाटलं असतं तिला. मग मला सांगायचं होतंस. यावर नणंदेनं थेट त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही नियमानं वागता, बाई. तुम्हाला सांगितलं की संपलं."

हे बाईंना लागलं, कारण ते खरं होतं.

"पण तू का? पास झाली असतीस तर अनुदान तुझं होतं."

"आणि तिचं मशीन गेलं असतं. भिंत पातळ आहे आमची, सगळं ऐकू येतं." नणंदेनं मखमलीवर बोट फिरवलं. "मी काही पुण्य करायला नाही निघाले. ती उद्या भंगारात हात घालून घरी येणार, आणि मी तिच्याच घरात बसून जेवणार. उतरेल का घास? तिच्याशी भांडते मी, बाई. पण भांडायला ती उभी तरी राहायला हवी ना."

मग तिनं हात जोडल्यासारखे केले. तिला कळू देऊ नका, म्हणाली. ही पाठ लावून टाका, मॅडमना काय कळतंय.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पाठ लावायला वेळ पुरला असता. मॅडमना खरंच कळलं नसतं. एक मशीन वाचलं असतं. आणि बाईंनी आयुष्यात जी एकच गोष्ट धडपणे सांभाळली होती, खोटं न बोलण्याची, ती आज दुपारी हातातून गेली असती. त्यांना फार थकल्यासारखं वाटलं. देवानं हा प्रश्न एखाद्या तरण्या बाईला तरी घालायचा.

त्या उठल्या आणि त्यांनी दार उघडून भावजयीला हाक मारली.

७

बाईंनी तिला काहीच सांगितलं नाही. फक्त तिची पाठ आणि तिचाच पुढचा भाग शेजारी शेजारी धरून तिला खिडकीशी उभं केलं.

भावजयीनं पाहिलं. एक हिरवा गडद, दुसरा धूळ बसल्यासारखा. तिनं दोन्हींवरून हात फिरवला. मग तिचे खांदे खाली आले.

"टोपीसाठी," ती म्हणाली. "एवढ्याशा टोपीसाठी."

मग तिला टेबलावरचं दुसरं जाकीट दिसलं, त्याची सुटी केलेली पाठ दिसली. तिनं त्या पाठीवरूनही हात फिरवला. शिवण येणाऱ्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही.

"लाव ती," नणंद म्हणाली. भिंतीकडे बघून म्हणाली, पण म्हणाली. "वेळ आहे अजून."

भावजयीनं ती पाठ उचलली. पण आपल्या जाकिटाला नाही लावली. नणंदेचं जाकीट पुढे ओढून, खांद्याला खांदा जुळवून तिनं पहिली टाचणी टोचली.

"मखमल सरकते. तुम्ही मशीनवर बसा, वन्सं. मी धरते."

"अक्कल आहे का तुला? तो मशीन विकेल तुझं."

"विकू दे. तुमचं कापणं, तुमची पाठ, ती मी घालून मिरवू? मला नाही जमायचं."

मग जे सुरू झालं ते बाईंनी थांबवलं नाही. वर्षभराचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. दुधाचं पातेलं आलं, पाहुण्यांसमोर केलेला अपमान आला, कुणी कुणाच्या पोरीला काय म्हटलं ते आलं. आवाज चढत होते आणि हात काम करत होते. एक मशीन चालवत होती, दुसरी सरकणारं कापड दोन बोटांनी दाबून धरत होती. व्हरांड्यात बडबडी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होती.

मॅडम आल्या तेव्हा शेवटची गोट बसत होती. त्याही दमलेल्या होत्या. आज त्यांचा हा दुसरा वर्ग होता. खुर्चीवर बसून त्यांनी टेबलाखाली चपला काढल्या. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, टोपीपासून पिशवीपर्यंत, आणि शेवटी कापड कुणी धरलं तेही. मॅडम ऐकत राहिल्या. मग नणंदेचं जाकीट खिडकीत धरून त्यांनी मागूनपुढून पाहिलं. कापड धरायला नियम आडवा येत नाही, म्हणाल्या. हे पास. भावजयीचं नाही. आणि एका घरात एकच, त्यामुळे पुढच्या खेपेलाही तिला मिळणार नाही, हे त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

भावजयीनं मान हलवली. तिनं ते आधीच गृहीत धरलं होतं.

नणंद मात्र जागची हलली नाही. अनुदानाच्या दुकानातलं सामान घरच्यांना विकता येतं का, असं तिनं विचारलं. नाही, मॅडम म्हणाल्या, ते संस्थेच्या नोंदीत असतं, कुणालाच हात लावता येत नाही.

"मग माझ्या दुकानात दोन मशीनं लिहा. एक माझं आणि एक हिचं."

भावजयीनं दचकून वर पाहिलं. "मशीन माझं आहे, वन्सं. माहेरचं आहे."

"तुझंच राहील. माल माझा, मशीन तुझं, भांडण दोघींचं. कमाई अर्धी अर्धी. आणि कापताना साचा मी ठेवणार, तू हात लावायचा नाहीस."

मॅडमनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर चुकवली नाही. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं.

सामान आवरून दोघी निघाल्या, तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, भावाला हे कोण सांगणार?

"मी सांगते की," नणंद म्हणाली. "लहानपणापासून मला घाबरतो तो. मध्यंतरी विसरलाय फक्त."

आणि जिना उतरतानाच दोघींचं पुन्हा जुंपलं, आज रात्री शेगडीची पहिली पाळी कुणाची यावरून. आवाज खाली खाली जात ऐकू येईनासे झाले. बाईंनी डोळे चोळले आणि आता तिची पाळी म्हणून बडबडीला आत यायची खूण केली.